लाइन धरून बसू नका

आम्ही जुन्या ट्रंक एक्सचेंजच्या बायका जमलो, की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, ते नरखेडकडचं आठवते काय?" झालं! दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणाऱ्यांकडे दुसरं काय साठणार? यातले निम्मे किस्से सांगताना हसू येतं, आणि सांगून झाल्यावर कुणाला काही बोलावंसं वाटत नाही.

सत्तरच्या दशकातल्या नागपुरात बाहेरगावी बोलायचं, तर आधी आमच्याकडे कॉल बुक करावा लागे. खेड्यात फोन एकच, पोस्टातला. माणूस मागितला की पोस्टमास्तर म्हणणार, "थांबा, बलावतो." मग रिसीव्हर टेबलावर ठेवून कुणीतरी संत्र्याच्या बागेकडे निघणार. तोवर ती लाइन अडकलेली, आणि ती धरून बसलेली आमची बाईही अडकलेली! बाकीची गिऱ्हाइकं रांगेत शिव्या घालताहेत.

एकदा असाच एक म्हातारा धापा टाकत पोस्टात आला आणि फोन घेताच रडायला लागला. ट्रंक कॉल म्हणजे कुणीतरी गेलं, हे ठरलेलंच. मी म्हटलं, "आजोबा, रडू नका! नातवाचं लग्न जुळलंय, तेच सांगायचंय तुम्हाला."

म्हातारा चिडला. "मंग आधी सांगाचं ना बाई! अर्धं रडून झालं माह्यं!"

* * *

मग मोहरील साहेब सुपरवायझर म्हणून आले. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, "लाइन धरून बसू नका. निरोप द्या, लाइन सोडा, पुढचा कॉल घ्या. माणूस आला की पोस्टातून कळवतील, तेव्हा जोडा. अहो, भात शिजेपर्यंत चुलीसमोर बसून राहता का तुम्ही?"

माझ्या शेजारच्या खुर्चीवर विमल बसायची. ती म्हणाली, "साहेब, तुमी कधी भात केला काय? उतू जाते तो!"

सगळ्या हसलो. साहेब हसले नाहीत.

विमलच्या बोलण्याला कारण होतं. तिची आई नरखेडच्या पुढे एका गावात एकटीच राहायची, दम्यानं बेजार. त्या गावातही फोन एकच. विमल रोज धास्तीत असायची, की एक दिवस निरोप येईल आणि आपण भलत्याच कुणाचा कॉल जोडत बसलेलो असू.

* * *

पण साहेबांची युक्ती चालली हो! त्याच लाइनी, त्याच बायका, आणि दुपारपर्यंत कॉलांनी तुंबणारा बोर्ड सकाळीच मोकळा व्हायला लागला. संत्र्याचे व्यापारी तर साहेबांना देवमाणूस म्हणू लागले.

फक्त एक व्हायचं. माणूस पोस्टात येऊन बसायचा, आणि ज्याला बोलायचं तो इकडे उठून गेलेला असायचा.

विहिरीच्या पाण्यावरून दोन भावांचा अबोला होता. एक दिवस नागपूरच्या थोरल्यानं शेजाऱ्याच्या घरून कॉल बुक केला. धाकटा गावात नव्हता. का? गावच्या पोस्टात सगळं गाव ऐकतं म्हणून तो तालुक्याला गेला होता, थोरल्यालाच फोन करायला! शेजाऱ्याकडे त्याचा कॉल आला, तेव्हा थोरला कंटाळून घरी गेलेला. शेजारी त्याला आणायला गेला. नियम म्हणजे नियम, आम्ही लाइन सोडली. पुन्हा जोडली, तोवर धाकटा एसटीत बसून गेला होता.

मी थोरल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या बाई. मले ठाऊकच होतं, त्याले बोलाचंच नाही."

ते दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. बोलले असते तर आमच्याच कानावर आलं असतं. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

* * *

आणि मग ती दुपार. कापसाचा हंगाम, बोर्डावर थांबलेल्या कॉलांचे सगळे दिवे लागलेले. विमलच्या गावचा पोस्टमास्तर लाइनवर आला. "विमल वं, मायची तब्येत बरी नाही. तुयंच नाव घेऊन राहिली."

"काका, मी संध्याकाळच्या एसटीनं येतो म्हणा तिले!"

तो म्हणाला, "संध्याकाळ लांब हाये, पोरी. थांब, खाटेवर घालून इथं आणतो तिले."

विमल थांबली. तिच्यासमोरचे दिवे लुकलुकत राहिले, तिनं एकही प्लग उचलला नाही. मोहरील साहेब तरातरा आले. मी म्हटलं, "साहेब, तिची आई आहे." त्यांनी पलीकडची खुर्ची ओढली, हेडफोन चढवला आणि विमलचे कॉल स्वतः घ्यायला लागले.

खूप वेळानं तिकडून आवाज आला. शेजारी बसून मलाही ऐकू येत होता, इतका घरघरणारा.

"विमल, कामावर हायस ना? लोकं खोळंबले असतीन. ठेव तू."

"नाही ठेवत, माय. तू बोल."

पण आई बोलली नाही. नुसता श्वास येत होता. मग तोही येईना.

पोस्टमास्तर म्हणाला, "विमल, ठेव आता, बाई."

विमल तशीच बसून. मोहरील साहेब वाकले आणि तिच्या माउथपीसमध्ये म्हणाले,

"मास्तर, तुम्ही ठेवू नका."