परसातलं कमरख

आमच्या वरवट बकाल गावात कोणाच्या परसात काय आहे ते मला पाठ आहे. लिंबू, शेवगा, पपई, फार तर सीताफळ. कमरख फक्त आमच्याकडे होतं, आणि ते मी आणलं. चिपळूणला भावाकडे गेले होते, तिथे ते पिवळं, पाच धारांचं फळ पाहिलं. आडवं कापलं की चांदणीसारखी चकती पडते. झालं, मला वेड लागलं. कलम पिशवीत घालून एसटीत मांडीवर घेऊन आले.

खड्डा सासऱ्यांनी खणला. त्यांच्या किडन्या खराब झाल्याचं नुकतंच कळलं होतं. आमच्या खारपाणपट्ट्यात त्याचं कोणाला नवल वाटत नाही, आमच्या गल्लीतच अजून दोघं होते. बोरचं पाणी जिभेवर ठेवलं की खारट लागतं. सासऱ्यांनी जन्मभर तेच प्यायलं. कलमाला मात्र ते मानवेना, पानांच्या कडा करपायला लागल्या. मग मी त्याला फिल्टरच्या कॅनमधलं पाणी घालू लागले. माणसाचे झाले नाहीत एवढे झाडाचे लाड, असं सासूबाई हसून म्हणायच्या. खरंच होतं ते.

डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला होता. केळी बंद, संत्री बंद, नारळपाणी बंद, मीठ चिमूटभर. तो मी फ्रिजवर चिकटवला आणि घरची फौजदार झाले. डायलिसिसची पाळी येऊ द्यायची नाही, हा माझा हट्ट. भाज्या चिरून दोन पाण्यांतून काढायची, प्यायचं पाणी मोजून द्यायची. एकदा सासरे शेजारी केळ खाऊन आले, तर मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तोंडाची फटकळ आहेच मी. जेलात याहून बरं जेवण मिळत असेल, असं ते पुटपुटायचे आणि पुढ्यात येईल ते मुकाट खायचे.

तिसऱ्या वर्षी झाडाला फळं धरली. आमच्याकडे नव्या झाडाचं पहिलं फळ देवापुढे ठेवतात आणि मग घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात देतात. द्यायच्या आधी मी फ्रिजवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात कमरख नव्हतं. असणार कुठून? इथे ते खातं कोण? डॉक्टरांना एक फोन करायचं मात्र सुचलं नाही. घरचं फळ, फवारणी नाही, म्हणून दुपारी दोन फळांच्या चकत्या ताटलीत घालून दिल्या. वर मीठ भुरभुरलं नाही, याचीही फुशारकी मारली.

सासऱ्यांनी एकेक चकती चोखून चोखून खाल्ली. म्हणाले, "तीन वर्सानं तोंडाले चव आली, पोरी."

मला इतका आनंद झाला की मी तिसरं फळ कापलं.

चारच्या सुमाराला त्यांना उचकी लागली. उचकी म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय, एवढं आम्हाला ठाऊक. ज्याने आठवण काढली त्याचं नाव घेतलं की ती थांबते. आधी पुण्याच्या नणंदेचं नाव घेतलं. थांबेना. मग सोनाळ्याच्या आतेबहिणीचं, शाळेतल्या दोस्तांचं. सासूबाई तर रंगातच आल्या. लग्नाआधी पाहिलेल्या कोण्या पोरीचं नाव घ्या म्हणजे थांबते, म्हणून सासऱ्यांना चिडवू लागल्या. आम्ही सगळे हसलो. सासरेही हसले, उचकी देत देत. तासभर आम्ही नावंच घेत बसलो. मी चमचाभर साखर दिली, पाठ चोळली.

दिवेलागणीला त्यांना वांत्या सुरू झाल्या. मला ओळखेनात. मग हातपाय वाकडे व्हायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने गाडी काढली आणि सासूबाईंना घरी ठेवून आम्ही दोघांनी त्यांना खामगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. मी सांगितलं. किडनी खराब असलेल्या माणसाला हे फळ विषासारखं असतं, आणि त्याची पहिली खूण म्हणजे न थांबणारी उचकी, असं ते म्हणाले. मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लगेच डायलिसिस लावलं. ज्याच्यापासून तीन वर्षं वाचवलं, ते शेवटी माझ्याच हातानं ओढवलं. तिसऱ्या दिवशी सासरे गेले.

आम्ही दोघांनी सासूबाईंना काही सांगितलं नाही. किडनीनं गेले, एवढंच सांगितलं. माझा नवरा झाड तोडायला निघाला होता, मीच अडवलं. काऊन तोडलं म्हणून त्या विचारतील, तर काय सांगायचं? खरं म्हणजे माझीच हिंमत नव्हती. सासूबाई मात्र रोज त्या झाडाला पाणी घालायच्या, कॅनचंच. त्याईच्या तोंडची शेवटची चव हाय ती, असं म्हणायच्या. मी भांडी घासत ऐकायची.

वर्षश्राद्धाच्या सकाळी झाड फळांनी लगडलेलं होतं. सासूबाईंनी टोपलीभर फळं तोडली आणि पदर खोचून निघाल्या. पहिली पाच शेजारच्या भाऊजींना द्यायची होती. भाऊजी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे.

मी दारात आडवी झाले. टोपली हातातून ओढून घेतली. त्या रागावल्या, आजच्या दिवशी तरी तुझी फौजदारकी राहू दे म्हणाल्या. मग मी सगळं सांगून टाकलं. मी दिलेल्या फळानं काय केलं ते, डॉक्टर काय म्हणाले ते, उचकी कशाची होती ते.

त्या खाली उंबऱ्यावर बसल्या. मला शिव्या घालतील, हात उगारतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर मी सोसलं असतं.

"म्हंजे ते तवाच मरून राह्यले होते," त्या म्हणाल्या, "अन् मी त्याईले हासत होती."