ह्यांच्या बोटांना चालणारी सिस्टीम

मी वसतिगृहाची वॉर्डन आहे. बाजारहत्नूरकडच्या मुलींच्या वसतिगृहात तांदूळ-डाळीपासून उशांच्या खोळींपर्यंत सगळ्याची यादी माझ्याकडे असते. घरचा जुना कॉम्प्युटर सुरू होताना कुरकुर करू लागला तेव्हाही मी आधी यादीच केली. नवा घेणं शक्य नव्हतं. जुन्या सिस्टीमचे अपडेट बंद झाले होते आणि मशीन मध्येच गोठायचं. तेव्हा तिच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकायचं ठरलं. त्याचे प्रकार पुष्कळ, म्हणून अटी लिहिल्या: नवशिक्याला जमेल असं हवं, जुन्या मशीनवर हलकं चालेल असं हवं, अक्षरं मोठी करता यायला हवीत. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित करून: मराठी टाइपरायटरचा कीबोर्ड.

ही शेवटची अट ह्यांच्यासाठी होती. माझे पती आदिलाबादला एका कचेरीत कारकून होते. लकव्यात त्यांची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचे स्नायू गेलेत, भाषा शाबूत आहे. त्या वाक्याच्या आधारावर आम्ही पुढचे दिवस काढले. हे डाव्या हाताने टाइप करत आणि मी स्क्रीनवर वाचत असे. तरुणपणी ते किनवटला जाऊन मराठी टायपिंग शिकले होते. सीमेवरच्या आमच्या गावांतली पुष्कळ मुलं तेव्हा तसंच करत. महाराष्ट्रात नोकरी लागेल या भरवशावर मराठी टायपिंग शिकत, आणि नोकरी लागे ती इकडे, जिथे सगळा कारभार तेलुगूत. ह्यांची ती विद्या नोकरीभर वाया गेली. आजारपणात मात्र तेवढीच कामाला आली. कोणतं अक्षर कुठे आहे ते त्यांना बघावं लागत नसे.

"काऊन एवढी धावपळ करून राह्यली? बस जरा," असं एकदा त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्यांदा लिहिलं, "भाजीत मीठ टाकायची यादी केली नव्हती का?" बोलत होते तेव्हाही असेच टोमणे मारायचे.

पण अलीकडे त्यांचं लिहिणं तुटक झालं होतं. अक्षरं दोनदोनदा उमटायची, शब्द अर्धे राहायचे. मशीन अडकतंय, असं मी म्हणायचे. माझे दीरही तसंच म्हणायचे. ते तामसीकडे शाळेत शिक्षक आहेत आणि शाळेतले कॉम्प्युटर तेच बघतात. दर रविवारी ते बसने आमच्याकडे येऊ लागले.

"वहिनी, इन्स्टॉल कराची घाई नाही," ते म्हणाले. "आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहू. पटलं तर ठेवू, नाही तर काढून टाकू."

पहिलं दिसायला सुंदर होतं, पण मशीनला झेपेना. पंखा घरघरायला लागला आणि बाण स्क्रीनवर रांगत राहिला. ह्यांनी मान हलवली. दुसरं हलकं होतं, पण त्यातली मराठी उच्चारावर चालणारी. ह्यांचं बोट क वर पडे आणि स्क्रीनवर द उमटे. पुन्हा नकार.

"दादा, तुमी तं पोरगी पाह्यला आल्यावानी करून राह्यले," दीर म्हणाले. "चहा-पोहे खाता आन नाही म्हणता!"

ह्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. ते हसणं होतं. आता इतके दिवस गेल्यावरही त्या हसण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिसऱ्यात टाइपरायटरचा कीबोर्ड सापडला, पण तो हिंदीचा. बरीचशी अक्षरं जागेवर होती, ळ आणि काही जोडाक्षरं भलतीकडे. ह्यांनी बराच वेळ लिहिलं. मी वाचायला वाकले तर एकही शब्द लागेना.

"हिंदीच्या कीबोर्डावर मराठी लिहिली तं असंच होणार," दीर म्हणाले. मला ते पटलं. पटायलाच हवं होतं. दोन-तीन अक्षरं इकडची तिकडे झाल्याने सगळं वाक्य मोडत नाही, हे मला त्या क्षणी दिसत होतं. पण मी तिसऱ्यापुढे फुली मारली आणि म्हणाले, "पुढचं बघा."

पुढच्या रविवारी त्यांनी चौथं आणलं. दिसायला साधं, मशीनवर हलकं, आणि सेटिंगमध्ये मराठीचा टाइपरायटर कीबोर्ड वेगळा दिलेला. या वेळी मी आधी स्वतः बसले. ह्यांच्या जुन्या टायपिंगच्या पुस्तकातला तक्ता मांडीवर घेतला आणि एकेक कळ दाबून पाहिली. ळ जागेवर, क्ष जागेवर, अर्धा र सुद्धा जागेवर. अक्षरं मोठी केली. दीरांनी मुंडावळ्या बांधल्यासारखी हेडफोनची वायर कपाळावर धरून "झालं लगन!" जाहीर केलं. मी हसले आणि खुर्ची ह्यांच्यासाठी मोकळी केली.

हे सरसावून बसले. डावा हात कीबोर्डवर उतरला आणि बोटं चालू लागली, न अडखळता, पूर्वीसारखी. मशीन कुठेही गोठलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. वाच.

स्क्रीनवर व, व, काना, स्वल्पविराम, ग, पुन्हा काना, असं काहीतरी होतं. दोन ओळी भरून.

दीर पुढे आले, वाकले आणि सरळ झाले. "थांबा, सेटिंग पाह्यतो," म्हणाले. सेटिंगमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. त्यांनी आपलं नाव टाइप केलं, ते बरोबर उमटलं. मग ते बाजूला झाले.

हे अजून माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या मते त्यांनी काहीतरी विचारलं होतं. चेहऱ्यावरून तो प्रश्न होता, एवढं कळत होतं. मी म्हणाले, "हो."

त्यांनी मान जोरात हलवली. हो नको होतं. पुन्हा स्क्रीनवर बोट ठोकलं.

"चहा पाह्यजे का दादा?" दीरांनी विचारलं. ह्यांनी भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "बरं, नाही." त्यावर हे शांत झाले. उत्तर मिळालं म्हणून की माझ्याकडून ते मिळणार नाही हे समजलं म्हणून, मला सांगता येणार नाही. मी कशाला नाही म्हणाले तेही मला माहीत नाही.

दीरांनी विचारलं, "वहिनी, पाचवं आणू का? अजून हायेत."

"नको," मी म्हणाले. "हेच टाका."

ते टाकलं. सिस्टीम चांगली आहे. इतक्या जुन्या मशीनवर एकदाही अडकली नाही आणि नवशिक्याला सहज जमेल अशी आहे. कुणी विचारलं तर मी हीच घ्या म्हणून सांगेन. दोष द्यायला आता घरात काही उरलेलं नाही. सकाळी वसतिगृहावर निघण्याआधी मी ती सुरू करते, ह्यांना खुर्चीत नीट बसवते, डावा हात कीबोर्डवर ठेवते. मग स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून भांडी घासत राहते, म्हणजे ते लिहून मागे वळून माझ्याकडे बघतील तेव्हा मी तिथे नसेन.