घरटी एक सभासद

माझ्या थोरल्या जावेला भाजी आणायला पाठवलंत तर ती तीन ठिकाणी भाव विचारते, तिसरीकडून भाजी घेते आणि पहिल्या दोघींना त्यांची का घेतली नाही ते समजावून सांगून येते. जिल्हा परिषदेच्या भांडार विभागात तीस वर्षं काढली की माणसाचं असं होतं. खुर्च्या असोत, कपाटं असोत, शाळेच्या घंटा असोत, तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मग साहेबांची सही. नोकरी संपली, तक्ता काही सुटला नाही. तिच्या मुलासाठी, केतनसाठी, मुली बघायला लागलो तेव्हासुद्धा तिने तक्ता केला होता. मी तो फाडला म्हणून आज घरात सून आहे.

नाव सगुणा गंगाराम तांबे. मी तिची धाकटी जाऊ, स्वप्ना. रत्नागिरीत कुवारबावला आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मी तिला ताई म्हणते आणि अगंतुगं करते, लग्न होऊन आले तेव्हा तिनेच तसं बजावलं होतं. आमचं गाव राजापूर तालुक्यात, डोंगराच्या कुशीतली बौद्धवाडी, चौसष्ट घरं. निम्म्याहून जास्त माणसं मुंबई-ठाण्याला, आणि सगळ्यांना बांधून ठेवायला एक मंडळ.

मंडळाचा नियम आमच्या सासऱ्यांच्या वेळचा आहे, घरटी एक सभासद. चूल वेगळी झाली की घर वेगळं, आणि घर म्हणजे घरातला पुरुष. वर्गणी त्याच्या नावाने, बैठकीत बोलणार तो, हात वर करणार तो. बायकांनी काय करायचं? चहा. साठ-सत्तर कप, बिनसाखरेचे वेगळे.

माझे दीर गंगाराम भावजी एकोणीस वर्षं मंडळाचे सचिव होते. माणूस सोन्यासारखा, पण त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नसे. म्हणून बैठकीहून आले की ते सांगायचे आणि ताई इतिवृत्त लिहायची. खाली सही त्यांची. चार वर्षांपूर्वी भावजी गेले आणि यादीत घराचं नाव केतनवर चढलं. केतन ऐरोलीला असतो, गावी येतो जयंतीला आणि मे महिन्यात चार दिवस. त्या वर्षीच्या बैठकीत ताई चहाची किटली खाली ठेवून उभी राहिली आणि म्हणाली की सभासद म्हणून माझं नाव लावा. अध्यक्ष रघूदादा वाईट माणूस नाही. अगदी मायेने म्हणाला की वहिनी, केतन आहे ना घरात. आणि पुढचा विषय घेतला.

परतीच्या एसटीत लांजा येईपर्यंत ती तिकिटाची घडी घालत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "स्वप्ना, एकोणीस वर्षांची वही माझ्या हातची आहे. तिच्यात माझं नाव एकदाही नाही गो."

तिला पद नको होतं, हार नको होता. यादीत एक ओळ हवी होती, बस. मला तर त्या रघूदादाच्या डोक्यावर किटली उपडी करावीशी वाटली होती. पण ताईला तसलं काही चालत नाही. तिचं सगळं नियमाने.

आता मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल सांगते. आधी एक होता. मग भांडण होऊन दोन झाले, मग दोघांना कंटाळलेल्यांनी तिसरा काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'खरा ग्रुप'. तिन्हींत मिळून सकाळी दीडशे फुलं, कपबशा आणि सुविचार. या कचऱ्याखाली विहाराच्या पत्र्यांच्या बैठकीची सूचना अशी गाडली गेली की बैठकीला सातच जण आले. तेव्हा ठरलं की इंटरनेटवर मंडळाची स्वतःची जागा हवी. सूचना एकीकडे, चर्चा एकीकडे, जुने फोटो एकीकडे, आणि मुंबईत बसूनही ठरावाला मत देता आलं पाहिजे. असली प्लॅटफॉर्म्स मिळतात म्हणे, पण डझनावारी, त्यातलं निवडायचं कोणी? रघूदादाने ताईला फोन केला. वहिनी, तुम्हाला खरेदीतलं कळतं.

नाव लावायला नको, काम लावायला बरी आठवण होते! मी हे तिला तोंडावर सांगितलं. ती ऐकतेय कुठे? दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून नवी फाईल आणली.

कामात आणि कामाविषयीच्या बोलण्यात पुढचे दोन महिने गेले. केतनने सहा नावं दिली. तिने त्यातली तीन गाळली, कारण त्या कंपन्यांनी ईमेलला उत्तर दिलं नाही आणि निविदेला जो उत्तर देत नाही तो उद्या तक्रारीलाही देणार नाही. उरलेल्या तिघांची तिने अशी काही उलटतपासणी घेतली की विचारू नका. बंगळुरूहून एक मुलगी फोन करायची, भारी गोड बोलायची. ताईने तिला विचारलं की आमची माणसं उद्या तुमच्याकडून निघायचं म्हणाली तर आमचं लिखाण आम्हाला परत मिळेल का, आणि कशात बांधून मिळेल? मुलगी म्हणाली, विचारून सांगते. पुन्हा तिचा फोन आला नाही. ताईने तक्त्यात लिहिलं, 'विचारून सांगतो म्हणाले. सांगितले नाही.'

खरी परीक्षा तिने गावी घेतली. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. ती मिळते वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, आणि तिथेही एका फणसाएवढ्या जागेत. भर एप्रिलच्या उन्हात मला घेऊन ती त्या जागेत उभी राहिली. हातात केतनचा जुना फोन, काखेत फाईल. पहिलं प्लॅटफॉर्म दिसायला असं देखणं की लग्नाची पत्रिका वाटावी, पण ते उघडेपर्यंत माझी पाण्याची बाटली संपली. दुसरं फुकट होतं. तिथे ताईने पाच मिनिटांत खोट्या नावाने खातं काढलं आणि मला म्हणाली की बघ, मी आले तसा कोणीही येईल. तिसरं एक साधं फोरमचं सॉफ्टवेअर होतं, मोफत मिळणारं. आपण सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्यावर चढवायचं. पांढरं पान, काळी अक्षरं, शोभेच्या नावाने शून्य. पण कातळावर झटकन उघडलं, मराठीत होतं, मतदानाची सोय होती आणि लिहिलेलं सगळं आपल्याच ताब्यात राहणार होतं.

"हेच," ती म्हणाली. मी म्हटलं, किती ओकंबोकं दिसतंय गो. तर म्हणे आपल्याला काय त्याला नांदवायचंय?

केतनने ते चढवून दिलं. मग खाती उघडायची वेळ आली. रघूदादाने मंडळाची यादी पाठवली, चौसष्ट घरं, चौसष्ट नावं. ताईने चष्मा पुसून, एकेक नाव ताडून, चौसष्ट खाती उघडली. चौसष्टच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. त्या शहाण्या प्लॅटफॉर्मला हजार माणसं चालली असती. घरटी एक हा नियम सॉफ्टवेअरचा नव्हता, तो आमच्या डोक्यात होता. आणि मी? मी शेजारी बसून तिला नावं वाचून दाखवत होते. माझ्या नवऱ्याचं नावही मीच वाचलं. तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही, की आलं असून नियम म्हणून गिळलं, कोण जाणे.

तिचं स्वतःचं खातं होतं ते 'प्रशासक' नावाचं. त्या खात्याने सूचना लावायच्या आणि कुलपं सांभाळायची. चर्चेत बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. जो निविदा उघडतो त्याने निविदा भरायची नसते.

पहिलीच चर्चा निघाली पाण्याची. विहाराशेजारी बोअर मारायची, की पऱ्याकाठची जुनी विहीर उपसून बांधून घ्यायची? झालं, मुंबईकर तुटून पडले. बोअरच्या बाजूने एवढं लिहिलं की त्या कागदांनीच खड्डा भरला असता. पऱ्या म्हणजे आमचा ओढा, आणि त्याच्या काठची विहीर मे महिन्यातही आटत नाही हे वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा. विहाराकडे मात्र खाली नुसता कातळ. पण विचारणार कोणाला? हंडे उचलणारी एकही बाई त्या चौसष्टांत नव्हती.

ताई चार दिवस वाचत राहिली. पाचव्या दिवशी तिने केतनला फोन करून सगळं सांगितलं, तसं त्याने लिहिलं. तासाभरात रघूदादाचं उत्तर आलं, 'शाब्बास केतन, मुद्द्याचं बोललास.'

माझं टाळकंच सरकलं. ज्या पोराने जन्मात त्या विहिरीतून तांब्या काढला नाही त्याला शाब्बास! मी म्हटलं, ताई, सगळ्या किल्ल्या तुझ्या कमरेला आहेत. काढ की स्वतःचं खातं, कोण अडवतंय? ती म्हणाली की मागच्या दाराने मी शिरले तर उद्या रघूदादाने आपल्या मेहुण्याला आणलं तर त्याला कोणत्या तोंडाने अडवू? मला राग आला, आणि तिचं बरोबर आहे म्हणून जास्तच आला.

केतनच्या कानावर मी घातलं. हो, चुगली केली. त्याने लगेच आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"आई, माझं नाव काढ आणि तुझं लाव. घर तुझंच आहे."

"आणि उद्या तुझ्या बायकोने काय करायचं?" ताईने विचारलं.

मग ताईने त्याला ठराव सांगितला. सभासद म्हणजे घर नव्हे, माणूस, वाडीतलं अठरा वर्षांवरचं प्रत्येक माणूस. मसुदा तिने दोन वेळा खोडून लिहिला. पण ठराव सभासदानेच मांडायचा असतो, म्हणजे सूचक पुन्हा केतन. लिहिणार ताई, नाव दुसऱ्याचं. नवरा गेला, आता मुलगा. मला ते बघवेना, मी आपली उठून धुणं वाळत घालायला गेले.

संध्याकाळी ठराव लागला. मी ह्यांच्या खात्यातून उघडून बघितला. मसुद्याच्या वर केतनने स्वतःच्या मनाने दोन ओळी घातल्या होत्या. 'हा ठराव माझ्या आईने लिहिला आहे. तिला इथे लिहायची परवानगी नाही, म्हणून मी टाकतोय.'

पाण्यावर पानंच्या पानं लिहिणारे सगळे मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी रघूदादाचं उत्तर आलं, 'सगुणावहिनी सभासद नाहीत? मग हे सगळं चालवतंय कोण?'

हसावं की रडावं? ज्याने केतन आहे ना म्हणून तिला खाली बसवलं, तोच विचारत होता. तो नाटक करत नव्हता हो, त्याच्या खरंच ध्यानातच राहिलं नव्हतं. एवढी ती सगळीकडे होती की ती कुठेच नाही हे कोणाला दिसलं नाही. संध्याकाळी त्याने ताईला फोन केला. काय बोलला ते तिने सांगितलं नाही.

मतदान दहा दिवस चाललं. आमच्या ह्यांना विचारलं तुम्ही काय दिलंत, तर त्यांनी पेपर वर धरला. मी ताईला म्हटलं, तू प्रशासक ना, बघून सांग. गुप्त म्हणजे गुप्त, मग तुझा नवरा का असेना, म्हणाली. त्या बाईचं मी काय करू? निकाल लागला, सदतीस बाजूने, एकोणीस विरुद्ध, आठ घरांनी मतच दिलं नाही. आमचं घर कशात मोडतं ते मला अजून कळलेलं नाही, पण ह्यांना आठवडाभर भाजीत मीठ कमी मिळालं.

मग ताईने अर्ज मागवले. सड्यावर जाऊन बायका फोन करायच्या, ताई लिहून घ्यायची, पूर्ण नाव, जन्मसाल, फोन नसेल तर कोणाच्या फोनवर बघणार. अर्ज येतील त्या क्रमाने क्रमांक. पहिल्या दिवशी बावीस, त्यांत मीही, मग दहा, मग पाच. तिचा स्वतःचा अर्ज सगळ्यांत शेवटी. मी वैतागून विचारलं की हे काय नवीन? तर म्हणे अर्ज घेणाऱ्याने मधे घुसायचं नसतं. त्याच दिवशी प्रशासकाच्या किल्ल्या तिने रीतसर केतनकडे सोपवल्या, सही घेऊन.

गुरुवारी सकाळी मी इडलीचं पीठ ढवळत होते तेव्हा फोन वाजला. फोरमवर नवीन मजकूर होता. वर नाव, सगुणा गंगाराम तांबे. खाली विहिरीबद्दल सात ओळी, कुठल्या महिन्यात किती दोर लागतो त्याच्यासह. मजकूर एवढा कोरडा की त्यात आनंदाचा एक शब्द नाही, आणि मी आपली पिठाच्या हातांनी डोळे पुसतेय.

इतक्यात तिचाच फोन.

"वाचलंस?"

"वाचलं गो ताई."

"मग खाली 'वाचले' दाबलं नाहीस ते? नोटीस वाचली की सही करायची असते."

हात धुतले आणि दाबलं. सात ओळींच्या खाली आठवी ओळ उमटली, 'स्वप्ना तांबे यांनी वाचले.' आमच्या वाडीच्या लिखाणात माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं. मी ते ह्यांना हाक मारून दाखवलं.