परत म्हण ना, आत्या

हिरा आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवीन पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होते. भाऊ एवढंच म्हणाला, "आत्या गेली गं." शेंगा तशाच टाकल्या आणि गव्हाणची रिक्षा धरली. वाटेत रडू आलं नाही. डोक्यात एकच… आता आईला कोण बोलावणार?

हे नीट सांगायला हवं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सासर-माहेर दोन्ही गव्हाणलाच. ती धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गायचा मान तिचा. हळदीला मांडवात बसून ती देवांना, मग गावाला आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायची. माझी आई गेली तेव्हा मी चौथीत होते. पुढच्या वर्षी काकाचं लग्न निघालं आणि आत्याने सुरात हाक मारली, सुमन वयनी, ये गो… मी रडेन म्हणून वर्षभर घरात कुणी आईचं नाव काढत नव्हतं. आणि इथे भर मांडवात, इतक्या गोड चालीत! गाणं संपलं तशी मी आत्याच्या मांडीवर. "परत म्हण ना, आत्या. तेवढंच."

"नाय. एकदा बोलवली ना? आली ती. आलेल्या मानसाला परत कोन बोलवतं?"

मी अख्खा मांडव पालथा घातला. आई काही दिसली नाही.

ते गाणं पुन्हा ऐकायचं तर आमच्याच घरात लग्न निघायला हवं. रेडिओवर आवडतं गाणं कधीतरी परत लागतं, मोबाईलवर तर बोट लावलं की झालं. इथे कुणाचं तरी जमायला हवं! चुलत भावंडांच्या लग्नांसाठी मी इतकी मागे लागायचे की काकू म्हणायची, "हिलाच सोयरिकींची फार घाई!" आत्याला लाडीगोडी लावून झाली, शपथा घालून झाल्या. बाई ढिम्म. "लगीन नाय, मांडव नाय, उगाच कोनाला बोलवू?" रेकॉर्ड करू का विचारलं तर म्हणाली, "डब्यातून बोलवलेली मानसं येतात काय गो?" पुढे हळदीला डीजे आले, तरी ती हटली नाही. "बंद कर रं तुजा धिंगाना, माजी पाव्हनी यायचीत," असं दरडावायची की डीजेवाला गुपचूप आवाज बंद करायचा. अशा मधूनमधून येणाऱ्या लग्नांत ऐकून ऐकूनच मला ते पाठ झालं. तिला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

ठाऊक असावं. शेवटी तिला गव्हाणला घरी नेलं, त्याआधी पनवेलच्या दवाखान्यात तिचं बोलणं फार कमी झालं होतं. एका दुपारी आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिने माझा हात ओढला. "म्हन गो."

"काय म्हणू?"

"वयनीचा… म्हन."

शेजारच्या खाटेवरची बाई जेवत होती. मी लाज सोडून हळूच म्हटलं. आत्या डोळे मिटून ऐकत होती. आईचं नाव आलं, गाणं संपलं.

"परत म्हन."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. "अगं, पण तूच तर…"

"आजून नाय आली ती," आत्या म्हणाली. "बोलव परत."

मी परत म्हटलं. मग आणखी परत. नर्सने हाताने खूण केली तरी थांबले नाही. आत्याने मान दाराकडे वळवली होती.

पुढच्या महिन्यात भावाच्या मुलीचं लग्न आहे, आधीच ठरलेलं. धवले मी म्हणायचे, असं घरच्यांनी परस्परच ठरवून टाकलंय. सकाळी गॅसपाशी उभी राहून म्हणून बघते. देव होतात, गाव होतं, आई होते. आईनंतर आता हिरा आत्या घ्यायची… तिथे आवाजच फुटत नाही. मग पहिल्या देवापासून परत सुरू करते.