संप माझा, ऑफिस तिचं

आमच्या घरात ऑफिसात बसलेलं कोणी नव्हतं. बापाने अंबरनाथजवळच्या मोरिवलीत भात लावला, आणि त्याच शेतांच्या जागी कारखाने आले तेव्हा मी रंगाच्या कंपनीत मिक्सरवर उभा राहिलो. माझी शाळा चौथीत सुटली. सही येते, पेपर वाचता येतो. कोणाचं ऐकायचं नाही हे शिकायला मात्र शाळा लागली नाही.

मुलगी दहावी झाली तेव्हा तिच्या अंबरनाथच्या शाळेत व्होकेशनलचे वर्ग निघाले होते. अकरावी-बारावी तिथेच करायची, ऑफिसचं काम शिकायचं, आणि बारावीला काही महिने खऱ्या कंपनीत जाऊन ते काम करायचं. पगार नाही. पण साहेबाला काम पसंत पडलं तर पुढे तिथेच चिकटायची आशा. शाळेने तीन मुली नेमक्या आमच्याच कंपनीत पाठवल्या. दोघी बदलापूरच्या, तिसरी माझी.

संध्याकाळी ती बोटांना कार्बनची शाई लावून घरी यायची. घरात फोन नव्हता. तर लाटणं कानाला लावून आईला दाखवायची, "फोन उचलला की आधी नमस्कार, मग कंपनीचं नाव."

"आणि तेवढ्यात चपाती करपली तर?" तिची आई विचारायची.

"होल्ड करा, मॅडम!"

आम्ही पोट धरून हसायचो. मला मात्र तिची खुर्ची दिसायची. पाठ टेकता येईल अशी, तिची स्वतःची खुर्ची. आमच्या सात पिढ्यांत कोणाला मिळाली नव्हती.

मग संप लागला. त्या खेपेला कारकूनही आमच्याबरोबर बाहेर पडले, म्हणून ऑफिस ओस. शिकाऊ मुली तेवढ्या आत जात राहिल्या. मी शाळेत जाऊन सरांना म्हटलं, हिला दुसरी कंपनी द्या.

"आता मध्येच कोण घेणार, काका? दिवस भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही."

घरी येऊन पोरीला सांगितलं, "बाय, संप माझा आहे, ऑफिस तुझं. तू जायचं."

बदलापूरच्या मुलींना गेटवर कोणी काही बोललं नाही. त्यांचे बाप तिथे कोणाच्या ओळखीचे? माझी पोर आत गेली की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या.

"आपण उन्हात, आणि दादाची लेक पंख्याखाली. साहेबाची पत्रं टाइप करतेय."

"तिला पगार नाही," मी म्हणालो.

"मग तर शेठची चांदीच! फुकटचा कारकून."

ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. पण मी हटलो नाही.

एका सकाळी गेटवर माझा शेजारी, तोही संपातलाच, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आमच्या दोन घरांत एकच भिंत. शिवरात्रीच्या जत्रेत माझ्या पोरीला खांद्यावर बसवून फिरवलेला माणूस. त्याने पेपरची पुडी उघडली. उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या बाजारातून आणलेल्या हिरव्या बांगड्या. संप फोडणाऱ्याला गेटवर बांगड्या द्यायची रीत जुनी आहे. घेणारा शिव्या घालतो, फेकून देतो, नाहीतर मान खाली घालून निघून जातो.

"घे. पोरगी आवरत नसेल तर भर हातात."

सगळे हसले. मी शिवी दिली नाही. भरायलाच लागलो. मिक्सरवर जाड झालेला पंजा माझा. पहिली फुटली, दुसरी फुटली, रक्त आलं. हसणं बंद झालं.

"बस कर रे," तोच म्हणाला. "मस्करी केली."

"मस्करी नव्हती. पुढची दे."

दोन कशाबशा मनगटावर चढल्या. बाही वर करून मी दिवसभर गेटसमोर बसलो. बघा म्हटलं, ज्याला बघायचं आहे त्याने बघा. मी संपातही आहे आणि माझी पोर आतही जाणार.

संध्याकाळी ती बाहेर आली. आधी तिला माझा हात दिसला, मग मी. बदलापूरच्या मुली पुढे निघून गेल्या. ही थांबली. रस्ताभर बसलेली माणसं आमच्याकडे बघत होती.

"उठा बाबा. घरी चला."

"तू हो पुढे. माझी पाळी संपली नाही."

ती गेली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने वेणीच घातली नाही. चुलीपाशी तांदूळ निवडत बसली.

"उशीर होतोय," मी म्हणालो.

"मी जाणार नाही."

"बांगड्या मी घातल्या. तुला कोणी काय बोललं?"

"कोणासाठी घातल्या, बाबा?"

"तू जावंस म्हणून."

"मला नाही जमणार."

मी ओरडलो. तिच्या आईने हात जोडले. त्या दिवशी दुपारी शेजारी दारात येऊन म्हणाला, "जा गं बाय, माझी जीभ झडो." ती त्याला चहा देऊन आत गेली. ऑफिसला मात्र गेली नाही. पोर माझीच. नाही म्हणजे नाही. माझ्या या स्वभावाचा मला आयुष्यभर अभिमान होता. तो तिच्यात उतरलेला त्या आठवड्यात पाहिला, आणि त्याच्यापुढे माझं काही चालेना.

दिवस भरले नाहीत. शाळेने परीक्षेला बसू दिलं नाही. संपही तसाच विरला, अर्धे आत गेले, अर्धे बाहेर राहिले. बदलापूरच्या दोघी पास झाल्या आणि त्यातली एक त्याच ऑफिसात लागली. माझी पोर उल्हासनगरला एका कारखान्यात तयार कपड्यांना बटणं लावायला जाऊ लागली.

पुढे तिला बघायला लोक आले. मुलाच्या मामाने विचारलं, "शिक्षण किती?"

मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "दहावी."

"दहावी नाही," मी म्हणालो. "बारावीपर्यंत शिकली. टायपिंग येतं तिला. फोनवर बोलायचं कसं, फायली कशा लावायच्या, सगळं येतं. ऑफिसात होती ती."

मामा तिच्याकडे वळला. "हो का? ऑफिसात होतीस?"

"नाही," ती म्हणाली. "दहावीच आहे."

"असू दे, असू दे," मामा हसला. "आम्हाला कुठे नोकरी करायला लावायची आहे?"

असं बोलणाऱ्याला मी एरवी पायरीखाली उतरवला असता. पोरीने माझ्यापुढे बशी सरकवली, "बाबा, चहा निवतोय," आणि मी चहा प्यायलो.