मेथीचा फेस

मेथ्यांची पूड भिजत घालायची, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग हात दुखेपर्यंत घोटायची. तिचा पांढरा, हलका फेस होतो. हे मला साठीला टेकल्यावर एका परदेशी मुलानं शिकवलं. तोवर मेथ्या म्हणजे बाळंतिणीचे लाडू नाहीतर लोणच्याचा मसाला, एवढंच मला ठाऊक होतं. आता माझ्या घरात मेथ्या भिजत पडल्या की वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतंय असं वाटायला लागतं. वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. तरी मी जिन्यात जाऊन कान देते आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडून खाली येते.

आम्ही मूळचे पिशोर गावचे. ह्यांची नोकरी औरंगाबादेत, म्हणून विद्यापीठाच्या रस्त्याला घर बांधलं. हे गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा मी वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं दिल्या. तिघं राहायला आले. दोघं येमेनचे: एक थोरला, पीएच.डी. करणारा, गंभीर, दुसरा धाकटा, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, तोंडाची टकळी सतत चालू. तिसरा थायलंडचा, गुपचूप हसणारा. पहिल्यांदा मी भाड्याशिवाय त्यांच्याशी बोलत नव्हते. मग एका शुक्रवारी धाकटा रश्श्याची वाटी घेऊन खाली आला, आणि पुढं दर शुक्रवारी, दोघं नमाजाहून परतले की, आमची पंगत वरच बसायला लागली.

थायलंडवाला झिंग्यांचं सूप करायचा. सर्दी झाल्यावर आपण चहात टाकतो तो गवती चहा, लिंबू आणि मूठभर लवंगी मिरच्या. मी म्हणायचे, “बाबा, हा काढा हाय, सूप नाय.” मी येसराची आमटी न्यायचे, येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, आमच्याकडं लग्नाकार्यात त्याचीच आमटी होते. तो ती वाटीला तोंड लावून प्यायचा, नाक पुसायचा आणि वाटी परत पुढं करायचा. पण खरा मान धाकट्याच्या सूपाला. दगडी भांडं त्यानं कपड्यांत गुंडाळून विमानातून आणलं होतं. त्यात मटणाचा रस्सा रटरटत असतानाच वरून मेथीचा फेस आणि टोमॅटो-मिरचीचा ठेचा घालायचा.

फेस घोटताना तो मोबाईल ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायचा. त्याच्या आईनं कृती बोलून पाठवली होती, ती लावायचा. कृती त्याला तोंडपाठ होती, तरी लावायचाच. “काय म्हणते रे आई?” मी विचारायचे. तो त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचा, “आई म्हणते, अजून घोट. हात आळशी नको.” मी म्हणायचे, तुझी आई माझ्या सासूची बहीण दिसती. यावर तो इतका हसायचा की फेस बसायचा.

तेव्हा त्यांच्या देशात लढाई पेटलेली. फोन लागला तर लागला. महिना होत आला, धाकट्याचा घरी फोन लागला नव्हता.

अशात एका मंगळवारी थोरला एकटाच खाली आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, “काकू, उसकी वालिदा गुजर गई. घर पे बम गिरा.” धाकट्याच्या भावानं थोरल्याला कळवलं होतं आणि बजावलंही होतं, परीक्षा होईपर्यंत त्याला सांगू नका. सांगून तो जाणार कुठं, विमानतळ बंद. वर्ष मात्र वाया जाईल.

माझं डोकंच फिरलं. “आरं, आई मेली त्याची, आन् तुम्ही पेपराचं काय सांगता?” पण थोरला माझ्या उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मग मी गप्प बसले.

गप्प बसले, पण मला माझी आत्या आठवत राहिली. रझाकारांच्या धामधुमीत तिचा नवरा बैलगाडी घेऊन बाजाराला गेला, तो पोलीस ॲक्शन झाली तरी परतला नाही. गावातल्या एकानं त्याचं प्रेत पाहिलं होतं. पण आत्या पोटुशी, म्हणून बाळंत होईपर्यंत तिला सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. ती बाळंत झाली, मूल रांगायला लागलं, चालायला लागलं. सांगायचं मात्र राहूनच गेलं. मी तिला पाहिली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते, कपाळाला कुंकू होतं. रोज संध्याकाळी ती एक ताट जास्त वाढायची आणि दाराला कडी लावू द्यायची नाही. त्या ताटाची मला इतकी भीती वाटायची की मी तिच्याकडं कधी जेवायला थांबले नाही.

त्या शुक्रवारी मी वर जाणार नव्हते. पण धाकटा जिन्यातून हाका मारायला लागला, आणि नाही म्हणायला कारण सुचेना. त्यानं नेहमीसारखा मोबाईल भिंतीला टेकवला. ती बाई बोलायला लागली. मला त्या भाषेतलं अक्षर कळत नाही, पण ती मध्येच हसली, मागं कुठंतरी कोंबडा आरवला, एक भांडं पडलं. ते भांडं, तो ओटा, ते घर, सगळं मातीत गेलेलं, आणि ती आमच्यात उभी राहून सांगत होती, अजून घोट. थोरल्यानं मान वर केली नाही. थायलंडवाला मुकाट्यानं रोट्या मोडत होता, म्हणजे त्यालाही माहीत होतं. धाकट्यानं फेसाचं बोट माझ्यापुढं धरलं. “काकू, आई म्हणते तसा झाला?”

“व्हय,” मी म्हटलं. सगळी वाटी संपवली. मला वाटत होतं, मी आत्याच्या त्या ताटात जेवतेय.

सकाळी उठले ती ठरवूनच. दोन भाकरी थापल्या, पिठलं केलं, ताटावर फडकं टाकलं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही; शेजारीपाजारी भाकरी घेऊन जातात आणि रडणाऱ्याच्या तोंडात बळंच घास घालतात. त्याला कडू घास म्हणतात. या पोराला या शहरात शेजारी म्हणून मीच होते.

मी वर गेले तेव्हा धाकटा चहाचं आधण ठेवत होता. “गॅस बंद कर,” मी म्हटलं. थोरला झटकन उठला, “काकू, नहीं...” मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

“बाळा, तुझी आई गेली,” मी म्हटलं. “आमच्याकडं अशा टायमाला शेजारचे जेवण आणतेत. मी आणलंय.”

त्यानं गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसला. मी समोर बसून पिठल्यात बुडवून भाकरीचा घास त्याच्या तोंडात घातला. तो बराच वेळ चावत राहिला.

“मला माहीत होतं, काकू,” तो म्हणाला. “मामाच्या मुलाचा मेसेज आला होता. पंधरा दिवस झाले.”

थोरला भिंतीला टेकला.

“आमच्याकडं पण असंच असतं. कुणी मेलं की शेजारी जेवण आणतात. मी रोज जिन्याकडं बघत होतो. कुणी आणलं नाही. हे दोघं हसत होते, तुम्ही सूप पिऊन गेलात. मला वाटलं, मेसेज खोटा आहे. आई आहे.”

एवढं बोलून त्यानं दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं, तेव्हा कुठं त्याला रडू फुटलं.