सुवर्णाचे गाणे आणि बबनरावांची मेंढरे

शिक्षकाच्या खणात जप्त केलेले मोबाईल साठतात, तसे स्टाफरूममध्ये किस्से साठतात. मोबाईल पालक परत नेतात. किस्से कोणी नेत नाही.

राजुरीजवळच्या आमच्या शाळेतील अकरावीच्या सुवर्णा व रेश्मा यांचे ‘डोंगरावर रेंज हाय’ हे गाणे गावोगाव गाजले, त्या वर्षी माझा खण लवकर भरला. गाण्यातली मुलगी मेंढरांमागे डोंगर चढते, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळते. प्रत्येक कडव्याशेवटी मेंढरांना घालायची हाक आहे. ती सुवर्णाच्या वडिलांची, मेंढपाळ बबनरावांची; गाण्यात ती घालते सुवर्णा.

*

रेकॉर्डिंग रेश्माच्या घरी झाले. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दोघी भर उन्हाळ्यात चार घोंगड्यांखाली बसल्या. रेश्माच्या आईला वाटले, पोरींना थंडी वाजून ताप आला. ती पेला घेऊन आत शिरली. “आधी काढा प्या, मग काय ते गा!”

ते वाक्य रेकॉर्ड झाले, आणि मुलींनी ते तसेच ठेवले. गाण्यात सर्वाधिक लोकप्रिय झाले तेच.

*

परीक्षेत मी आरोग्यविषयक एक सुविचार लिहिण्यास सांगितले. अर्ध्या वर्गाने लिहिले, ‘आधी काढा प्या.’

विचार चुकीचा नव्हता. गुण द्यावे लागले.

*

मी ते गाणे ऐकले ते केवळ दोष टिपण्यासाठी. कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. पहिल्याच कडव्यात टाळ वाजले. एकाची कड थोडी उडालेली असल्याने त्याचा नाद तोकडा पडतो. गेली वीस वर्षे एकादशीच्या भजनात ते टाळ माझ्याच हाती असतात. सुवर्णाने सरावासाठी म्हणून मागून नेले होते. कसला सराव, हे मी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितले की देवाचे टाळ असल्या कामाला नसतात.

“सर, टाळ कपाटात ठेवायचे नसतात, असं तुमीच सांगता की.”

मी कागद फाडून टाकला.

*

मग अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी सुवर्णाला त्यांच्या कार्यक्रमात गायला बोलावले. तिने चार दिवस धड जेवण केले नाही, इतकी तिला जायची ओढ होती. बबनरावांनी साफ नकार दिला. ते माझे भजनातले सोबती, म्हणून समजावण्याचे काम माझ्याकडे आले.

त्यांचा राग गाण्यावर नव्हता, हाकेवर होता. ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. त्यांनी मोबाईल मेंढरांपुढे धरून गाणे वाजवून पाहिले होते.

“एका मेंढरानं मान वर केली न्हाई, सर. खोटी हाक हाय ती. खोटी हाक घेऊन पोरगी लोकांपुढं जानार न्हाई.”

मी उठलो. खोट्याची बाजू मी आयुष्यात घेतलेली नाही.

*

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र, लोक घरचेच म्हणून, सुवर्णाला गाऊ द्यायला बबनराव तयार झाले. बबनरावांचा कळप त्या दिवशी शेजारच्याच रानात होता. कांदा निघाला की पुढच्या पिकाला खत मिळावे म्हणून तिथला शेतकरी मेंढरे बसवून घेतो. बबनराव तिथेच काठी टेकून, स्टेजकडे पाठ करून उभे होते.

पहिले कडवे संपले. सुवर्णाने माईक बाजूला धरला आणि हाक घातली.

रानातली मेंढरे उठली. बांध ओलांडून फाटकातून थेट मैदानात आली. प्रमुख पाहुण्यांचा हार एका मेंढीने खाल्ला. मागून धावत आलेल्या बबनरावांनी तीच हाक दिली. कळपाने एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि तो स्टेजपुढे उभा राहिला.

सुवर्णा गायची थांबली. मी बबनरावांजवळ गेलो आणि हळूच विचारले, अवसरीला काय कळवू?

बबनरावांनी काठी काखेत धरली आणि कळपाकडे बोट केले.

“मला काय इचारताय, सर? त्यांनी सांगितलं न्हवं का.”